पोसलेली जमीन सोडताना

(श्री देव रवळनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात, माहेरवाशिणींच्या सत्काराच्या सभेत एका माहेरवाशिणीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले. देवस्थानाचा इतिहास, जुन्या चालीरीती, गावऱ्हाटी यांविषयी अधिकाराने बोलणारी वडीलधारी मंडळी या सभामंडपात बसली आहेत. त्यांच्यासमोर त्या विषयावर मी तोंड उघडणे शोभायचे नाही. माझी हयात इस्पितळाच्या वॉर्डात गेली, आणि त्यातून उरलेला वेळ मातीत गेला. तेव्हा मला जे ठाऊक आहे त्याविषयीच बोलते. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी अडीच गुंठे जमीन मी सदतीस वर्षे कसली. ती माझी नव्हती. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मी ती परत केली. कळस चढला त्या मंगल दिवशी विलायतेतल्या भाजीच्या वाफ्यांचे काय प्रयोजन, असे कोणाला वाटेल. प्रयोजन आहे, आणि ते ओघाने येईलच.

१९७५ साली मी परिचारिका म्हणून तिकडे गेले. त्या देशात १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, आणि तिला बाहेरदेशीच्या परिचारिकांची गरज नेहमीच भासत आली. आमच्यासारख्या कितीतरी मुली तशा गेल्या. यजमान मोटारींच्या कारखान्यात होते. राहायला मिळाले ते एकाला एक भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेतले घर. मागे हातभर अंगण, तेही फरशीचे. कुंडीत तुळस लावली, ती पहिल्याच थंडीत करपली. परस नसलेल्या घरात दिवस काढणे म्हणजे काय, ते कोकणातल्या बाईला समजावून सांगायला नको. भाजी बाजारातून आणायची ही गोष्टच आपल्या आयांना लाजिरवाणी वाटे.

पुढे इस्पितळातल्या एका सोबतिणीने सांगितले की नगरपालिकेकडे अर्ज केला तर भाजी पिकवायला जागा मिळते. अर्ज केला, आणि १९८७ साली जागा ताब्यात आली. अशा जागेला तिकडे अलॉटमेंट म्हणतात, म्हणजे वाटून दिलेली जमीन. गावाच्या किंवा शहराच्या कडेला एक मोठे शेत असते. त्याचे तुकडे पाडलेले असतात. एकेका कुटुंबाकडे एकेक तुकडा, वर्षाला थोडे भाडे, मध्ये पायवाट, पाण्याचे नळ आणि प्रत्येकाची हत्यारे ठेवायची एक लाकडी खोपी. मोजणीला रॉड नावाचे जुने माप आहे. पुरा तुकडा दहा रॉडचा असतो. आपल्या हिशेबाने चार रॉडचा एक गुंठा होतो, म्हणजे ती जागा बरोबर अडीच गुंठे भरते.

ही पद्धत कशी आली ते थोडक्यात सांगते, कारण ती दयाबुद्धीने सहज आलेली नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून गावोगावची सामाईक कुरणे कुंपणात घातली आणि ती खाजगी मालकीची झाली. ज्या गरिबाची एखादी गाय त्या कुरणावर चरत असे, त्याची गाय गेली आणि घरातले दूधही गेले. पुष्कळ हाल झाल्यावर १८४५ च्या कायद्यात भूमिहीन मजुरांसाठी थोडी जागा राखण्याची तरतूद आली, एकाला फार तर पाव एकर. १९०८ च्या कायद्याने गावच्या मंडळांवर व नगरपालिकांवर जबाबदारी टाकली की लोकांची मागणी असेल तर अशा जागा पुरवल्या पाहिजेत. सहा मतदारांनी मिळून अर्ज केला तरी त्याचा विचार करावाच लागतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांमुळे बाहेरचे धान्य येईनासे झाले, तेव्हा सरकारने घरोघर भाजी पिकवा अशी मोहीम काढली. लंडनच्या प्रसिद्ध टॉवर किल्ल्याच्या कोरड्या खंदकातसुद्धा तेव्हा भाज्या लावल्या होत्या. त्या काळी देशात अशा बागांची संख्या सुमारे चौदा लाखांवर गेली होती.

या जमिनीचे नियम ऐकले तेव्हा मला आपल्या देवस्थानाच्या जमिनीची आठवण झाली. १९२२ च्या कायद्यात अशा बागेची व्याख्या केलेली आहे. पीक मुख्यतः स्वतःच्या आणि घरच्यांच्या तोंडी जाण्यासाठी असावे, त्याचा व्यापार मांडू नये. घरात मावेना इतकी भाजी आली तर ती शेजाऱ्याला द्यायची. अलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन नगरपालिकेलाही मनास येईल तेव्हा विकता येत नाही; १९२५ च्या कायद्याप्रमाणे त्याला सरकारातील मंत्र्याची संमती लागते. आपल्याकडे देवाच्या नावाने लागलेली जमीन पुजाऱ्याने कसावी, पण विकू नये, त्यातलाच हा प्रकार. कसणाऱ्याकडून जागा काढून घ्यायची झाली तर आज बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते, आणि ती मुदत ६ एप्रिल ते २९ सप्टेंबर या दरम्यान संपवता येत नाही. यामागचे कारण तुम्हा शेतकरी मंडळींना चटकन कळेल. त्या देशी पिकाचे दिवस तेच. उभ्या पिकातून माणसाला उठवायचे नाही, ही त्यामागची दृष्टी. शिवाय उभ्या पिकाची आणि जमिनीत घातलेल्या खताचीही भरपाई द्यावी लागते. कोणाच्या तरी हातचे खत जमिनीत मुरले आहे, हे कायद्याने मान्य करावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

अर्थात कसणाराही मोकळा नाही. जागा पिकती ठेवली पाहिजे. रान माजू दिले तर समितीची चिठ्ठी येते, आणि तरीही हात हलला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. 

आमच्या वाट्याची माती तांबडी आणि चिकण होती. रंग पाहून जीव सुखावला, पण कुदळ मारल्यावर कळले की ही आपली कातळावरची माती नव्हे. पावसात बुटाला पायलीभर चिकटे, आणि उन्हात विटेसारखी होई. पाऊस आपल्याकडच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, पण तो बारा महिने थोडा थोडा येतो. थंडी तर अशी की मे महिन्यातसुद्धा एखाद्या पहाटे हिव पडून कोवळे वेल काळे पडतात. म्हणून भोपळा, दुधी, घेवडा बाहेर लावायची घाई करायची नाही. लसूण मात्र थंडी पडण्याआधी लावावी लागते. ती बर्फाखाली निजते आणि पुढच्या उन्हाळ्यात काढणीला येते. पहिली पाचसहा वर्षे आम्ही घोड्याच्या लिदीचे खत, पानगळीचा पाला आणि घरचा भाजीचा कचरा कुजवून तेवढेच घालत होतो. हळूहळू माती भुसभुशीत झाली, गांडुळे आली. मेथी झाली, कोथिंबीर झाली. जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा, म्हणून कोथिंबीर बघता बघता फुलावर येई. मग ती ऑगस्टमध्ये पेरायची हेही आम्ही शिकलो.

शेजारच्या तुकड्यावर जमैका बेटातून आलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी एक दिवस कॅलालू नावाच्या त्यांच्या देशी भाजीची जुडी दिली. उघडून पाहते तो आपला माठ! समुद्रापलीकडच्या दोन टोकांच्या माणसांची एकच भाजी निघाली. मी ती लसूण-मिरचीवर परतून त्यांना नेऊन दिली, आणि त्यांनी मला त्यांचे बी दिले. पलीकडे एक आयरिश जोडपे बटाटे करी. इंग्रज शेजारीण रूबार्ब लावी. त्याचे पान अळवासारखे मोठे पण विषारी, खायचा तो लालसर देठ. कोणाच्या तुकड्याला कुलूप नव्हते. एकमेकांची बागायत पाहून लोक शिकत होते. आमच्यात फारसे बोलणे होत नसे, पण कोणी चार दिवस दिसले नाही तर त्याच्या रोपांना कोणीतरी पाणी घातलेले असे.

यजमानांनी २०१२ साली अस्परॅगसचा एक वाफा केला. ही आपल्या शतावरीच्या जातीची वनस्पती, तिचे कोवळे कोंब खातात. लावल्यावर पहिली दोन वर्षे कोंब तोडायचे नाहीत, मुळे पोसू द्यायची. तिसऱ्या वर्षापासून तोडायला मिळतात, तेही वसंतातले सातआठ आठवडेच. पुढे मात्र पंधरावीस वर्षे वाफा देत राहतो. यजमानांना त्याचा पहिला भर तेवढा मिळाला. २०१५ साली ते गेले.

त्यानंतर बाग मी एकटीने सांभाळली. २०१७ मध्ये गुडघे बोलू लागले, तेव्हा अर्धा तुकडा सोडला. तिकडे तशी सोय आहे. अर्धा अर्धा दिला की वाट पाहणाऱ्या दोन घरांची सोय होते. उरलेला सव्वा गुंठा ठेवावा की सोडावा, याचा विचार मी सात वर्षे करीत होते. मुले म्हणत, असू दे की आई, भाडे कितीसे आहे? जाऊन नुसती बसत जा. पुष्कळजण तसेच करतात. जागेवर नाव राहते, हात राहत नाही. आमच्या शेतात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा तुकडा तसा झाला होता. माणूस फार चांगला, पण जागा सोडवेना आणि कसवेना. तीन वर्षांत काटेरी ब्लॅकबेरीचे जाळे माणसाच्या उंचीचे झाले. पुढे ज्या मुलीला ती जागा मिळाली, तिची पहिली दोन वर्षे ते साफ करण्यातच गेली. म्हाताऱ्याने जन्मभर जे कमावले होते, त्यातले तिच्या हाती काही आले नाही. कुठला वाफा पाणथळ, कुठली माती कसदार, हे सांगायला तोवर ते नव्हतेच.

ते पाहून माझ्या मनाने घेतले की जमीन सोडायची तर अंगात सांगण्याइतके बळ असताना सोडायची. शेवटचे वर्ष मी पीक घेण्यापेक्षा सुपूर्द करण्यात घालवले. खड्ड्यातले सगळे कुजके खत काढून वाफ्यांवर पसरले. खोपीचे छप्पर ठीक केले, कुदळी-फावड्यांना धार लावून घेतली. एका वहीत सारे लिहून काढले: हिव आधी कुठे पडते, पाणी कुठे साचते, कोणत्या वाफ्यात गेल्या तीन वर्षांत काय होते, अस्परॅगस कधी लावला आणि कोणत्या महिन्यानंतर तोडायचा नाही. ते लिहिताना जमले. अवघड गेले ते ऑक्टोबरात. सदतीस वर्षांत पहिल्यांदा लसूण लावायची नव्हती. बियाण्याच्या पाकळ्या सोलून हातात घेतल्या, आणि त्या चटणीत घातल्या.

जागा एका तरुण जोडप्याला मिळाली. मूल दीड वर्षाचे. त्यांना वही दिली, सारे दाखवले, आणि मग सात महिने मी तिकडे फिरकले नाही. २०२५ च्या मे महिन्यात गेले. अस्परॅगसचा अर्धा वाफा त्यांनी उपटून टाकला होता आणि तेथे पोराला खेळायला वाळूचा चौकोन केला होता. यजमानांच्या हातचा वाफा तो. मला वाईट वाटले. वाटले नाही म्हणेन तर देवासमोर खोटे बोलल्यासारखे होईल. बाई म्हणाली, मूल इथे रमले नाही तर आम्हाला बागेत काम करता येणार नाही. मग उरलेल्या अर्ध्या वाफ्यातले कोंब कापून त्यांची जुडी तिने माझ्या हाती दिली. मी काही बोलले नाही. घरी येऊन विचार केला, तेव्हा उमजले की त्या जमिनीचा माझ्यावर हक्क होता तो तिला पिकती ठेवण्याचा. ती माझ्याच रीतीने पिकत राहावी, असा माझा तिच्यावर हक्क नव्हता. माझ्या आधीही कोणीतरी तेथे काहीतरी लावले होते, ते मी काढले होतेच की.

आता आपल्या देवळाकडे येते. आपण नवा सभामंडप बांधला, शिखर केले, आणि जुने कोरीव खांब जपून पुन्हा उभे केले. ज्यांनी ते खांब घडवले त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. संगमरवरी फरशीवर देणगीदारांची नावे कोरली आहेत, त्यांत माझ्या माहेरच्या घराचेही आहे. त्याचा आनंद मला आहे, खोटा विनय कशाला करू? परंतु फरशीवरच्या नावाने देवळात झाडू लागत नाही आणि सांजवात पेटत नाही. आज येथे जमलेल्यांपैकी निम्मे लोक चार दिवसांत एस.टी. आणि रेल्वे गाठतील. मग देऊळ राहील ते गावात राहणाऱ्या थोड्या हातांवर, आणि त्यांतले बरेच हात माझ्याच वयाचे आहेत. ज्या बायका चाळीस चाळीस वर्षे देवाची फुले, सडा-सारवण, नैवेद्य पाहत आल्या, त्यांना माझे सांगणे आहे की तुमच्या हातातले काम आजच कोणाला तरी दाखवून द्या. नव्या मुलीने हार वेगळ्या तऱ्हेने ओवला तर ओवू द्या. आणि तरुणांना सांगणे हे की म्हातारी माणसे ज्या गोष्टी सांगतात त्या लिहून घ्या, त्या फरशीवर कोरलेल्या नसतात.

एक विनंती करून मी माझे बोलणे संपवते. देवळाच्या मागे, देवाच्या विहिरीपाशी, जी जागा आहे तिथे आमच्या लहानपणी जास्वंद, तगर, अनंत, अबोली होती. श्रावणात सोनटक्का फुलला की वास दीपमाळेपर्यंत येई. आज तेथे बांधकामातले उरलेले चिरे आणि वाळू पडून आहे, आणि देवाला फुले बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत येतात. ती जागाही जवळपास अडीच गुंठेच असेल. समितीने ती साफ करून तिचे दहा वाफे पाडावे आणि गावातल्या दहा घरांना वाटून द्यावे. भाडे म्हणून रोजची ओंजळभर फुले देवाला घालावीत. कडेला माठ, भेंडी, भोपळा ज्याला जे हवे ते त्याने लावावे, घरी न्यावे, आणि महाप्रसादाच्या दिवशी थोडे आणून द्यावे. विकू नये. वाफ्यावर मालकी कोणाची नाही. पुरा एक हंगाम वाफा ओस पडला तर तो पुढच्या घराकडे जावा, आणि त्यात कोणाचा अपमान मानू नये. कोणाला वाफा काढून द्यायचा झाला तर उभ्या पिकात काढू नये. दहांतले दोन वाफे तरी नव्याने गावात लग्न होऊन आलेल्या सुनांना मिळावेत. आम्ही लेकी बाहेर गेलो, पण आता गाव त्यांचे आहे.

विहिरीचा गाळ काढण्याचा आणि नवा रहाट बसवण्याचा खर्च मी देणार आहे, तसे समितीला लिहून दिले आहे. त्यावर माझे नाव घालू नये. माझ्यासाठी वाफा ठेवू नये, अशीही विनंती आहे. मी वर्षातून एकदा येणार, माझ्या वाफ्यात रानच माजेल. माठाचे थोडे बी मात्र मी आणले आहे. ते मूळचे जमैकाच्या शेजाऱ्यांकडचे, पण पस्तीस वर्षे मी दरवर्षी पिकवून राखलेले. ते समितीच्या चिटणिसांकडे देते. पहिला पाऊस पडून माती जरा निवली की पेरावे. ज्याच्या वाफ्यात येईल त्याने बी धरून पुढच्याला द्यावे.